विकले काय, हे आधी विचारा

सुपरमार्केटची साखळी विकली जाणार अशी बातमी येते तेव्हा तिच्यात दोनच गोष्टी ठळक असतात: घेणाऱ्याचे नाव आणि सौद्याची रक्कम. बिलिंग काउंटरवर, गोदामात किंवा भाजीच्या विभागात काम करणारा माणूस साहजिकच नावावरून आपले भविष्य ताडू लागतो. घेणारा मोठा असेल तर नोकरी टिकेल, गुंतवणूक फंड असेल तर माणसे कमी होतील, असे आडाखे जेवणाच्या सुट्टीत बांधले जातात. ते अगदीच निराधार नसतात. पण तुमच्या नोकरीचे आणि तुमच्या थकलेल्या पैशांचे काय होणार हे घेणारा कोण यापेक्षा त्याने नेमके काय घेतले यावर कितीतरी अधिक ठरते. त्याने कंपनीचे समभाग घेतले, चालता व्यवसाय घेतला, की फक्त दुकानांच्या जागा घेतल्या? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा जाहीर कागदांत सापडते, आणि ते शोधण्याची योग्य वेळ सौदा जाहीर झाल्यापासून पूर्ण होईपर्यंतची असते. त्यानंतर उरते ती मागे धावण्याची दगदग.

समभाग विकले जातात तेव्हा कंपनी तीच राहते, फक्त तिचा मालक बदलतो. तुमचे नियुक्तिपत्र ज्या कंपनीने दिले तीच कंपनी उद्याही तुमची मालक असते, म्हणून सेवा आपोआप अखंड राहते. जर्मनीच्या मेट्रो कंपनीने भारतातला कॅश अँड कॅरी व्यवसाय रिलायन्स रिटेलला २,८५० कोटी रुपयांना विकायचे डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. मे २०२३ मध्ये तो सौदा पूर्ण झाला. त्यातली ३१ दुकाने या पद्धतीने गेली. अशा विक्रीत दुकानातल्या माणसाला तातडीचा धोका कमी असतो. धोका असतो तो खरेदी, हिशेब, मनुष्यबळ अशा खात्यांना, कारण तीच खाती घेणाऱ्याकडेही असतात आणि एका कामाला दोन माणसे फार दिवस ठेवली जात नाहीत. चालता व्यवसाय विकला तर मात्र कंपनी मागे राहते आणि दुकाने, माल, करार व माणसे नव्या कंपनीकडे जातात. इथे कायदा थेट तुमच्याविषयी बोलतो. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे फक्त जागा किंवा भाडेकरार हातात घेतले जातात तेव्हा, तो जवळजवळ गप्प असतो. हाच प्रकार सर्वांत घातक आहे, कारण बाहेरून तो विक्रीसारखा दिसतो. पाटी बदलते, रंग बदलतो, दुकान पुन्हा उघडते. फक्त तुमचा मालक त्या दुकानात उरलेला नसतो.

आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण बिग बझारचे. किशोर बियाणी यांच्या फ्युचर समूहाने २००१ मध्ये ही साखळी सुरू केली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात, जिथे एकेकाळी गिरणी चालत होती, तिथेही बिग बझारचे दुकान गजबजलेले असे. पुढे समूहाने नीलगिरीज, ईझीडे, हायपरसिटी अशा साखळ्या आपल्यात घेतल्या आणि कर्जही वाढत गेले. करोनाच्या टाळेबंदीत विक्री कोसळल्यावर २९ ऑगस्ट २०२० रोजी रिलायन्सने समूहाचा किरकोळ व घाऊक विक्रीचा, मालवाहतुकीचा आणि गोदामांचा व्यवसाय २४,७१३ कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले. ही चालत्या व्यवसायाची विक्री होती. समूहातल्या कंपन्या आधी एकत्र करायच्या आणि मग तो व्यवसाय एकगठ्ठा सोपवायचा, अशी तिची रचना होती. पण २०१९ मध्ये समूहाच्या फ्युचर कूपन्स या कंपनीत पैसे गुंतवलेल्या ॲमेझॉनने आपल्या कराराचा आधार घेऊन सिंगापूरच्या लवादाकडे धाव घेतली. ऑक्टोबर २०२० मध्ये लवादाने अंतरिम मनाई दिली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई भारतात लागू होते असे ठरवले. तोवर दुकानांची भाडी थकत चालली होती. रिलायन्सने अनेक जागामालकांशी स्वतः भाडेकरार केले आणि त्याच जागा फ्युचरला पोटभाड्याने दिल्या. फेब्रुवारी २०२२ पासून तिने ते पोटकरार संपवून दुकाने ताब्यात घ्यायला सुरुवात केली. मार्चमध्ये फ्युचरने शेअर बाजाराला कळवले त्याप्रमाणे अशा नोटिसा एकूण ९४७ दुकानांसाठी आल्या होत्या: ८३५ फ्युचर रिटेलची आणि ११२ फ्युचर लाइफस्टाइलची. एप्रिलमध्ये मूळ योजनेवर मतदान झाले. तारण असलेल्या धनकोंपैकी ६९ टक्क्यांहून अधिक मते विरोधात पडली, आणि रिलायन्सने योजना सोडून दिली. २० जुलै २०२२ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून फ्युचर रिटेलविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. कंपनीला तारणारा खरेदीदार शेवटपर्यंत ठरला नाही, आणि २०२४ च्या जुलैत तिच्या अवसायनाचा आदेश झाला.

आता हाच घटनाक्रम कामगाराच्या बाजूने वाचा. २०२० ची योजना पार पडली असती तर माणसे व्यवसायाबरोबर गेली असती. न्यायाधिकरणापुढे येणाऱ्या अशा योजनांच्या मसुद्यात कर्मचाऱ्यांविषयी एक परिच्छेद असतो, आणि सेवा अखंड राहील, अटी आधीपेक्षा कमी नसतील, असे त्यात साधारणपणे लिहिलेले असते. २०२२ मध्ये प्रत्यक्षात गेल्या त्या जागा. दुकानातल्या सुमारे ३०,००० जणांना नव्या मालकाकडून नोकरी देऊ केली जाईल अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. ती घेणे शहाणपणाचेच होते. पण देऊ केलेली नोकरी आणि वर्ग झालेली नोकरी यांत पैशाचा फरक असतो. वर्ग झालेल्या नोकरीत तुमची मागची आठ वर्षे नव्या मालकाच्या डोक्यावर येतात. देऊ केलेल्या नोकरीत तुम्ही पहिल्या दिवसाचे कर्मचारी असता, आणि मागच्या आठ वर्षांचा हिशेब जुन्या कंपनीकडून घ्यायचा असतो. ती कंपनी चारच महिन्यांत दिवाळखोरीत गेली तर हिशेब मागायलाही वेगळीच खिडकी गाठावी लागते.

कायदा काय म्हणतो ते इथे नीट पाहायला हवे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात उद्योग हस्तांतरित झाला तर काय, याचे स्वतंत्र कलम होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली, पण तत्त्व तेच ठेवले. सलग एक वर्ष काम केलेल्या कामगाराला हस्तांतरणाच्या वेळी छाटणी झाल्यासारखी पूर्वसूचना आणि भरपाई मिळते. ती चुकवायची असेल तर तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात: सेवेत खंड पडता कामा नये, नव्या अटी आधीपेक्षा कमी असता कामा नयेत, आणि पुढे कधी छाटणी झाली तर नव्या मालकाने जुनी वर्षे धरून भरपाई देण्याचे बंधन स्वीकारलेले असले पाहिजे. म्हणून नव्या कंपनीचे पत्र हातात आले की पगाराच्या आकड्याआधी एक ओळ शोधा: मागील सेवा धरली जाईल की नाही. ती ओळ नसेल तर लेखी विचारा, ईमेलही चालेल. उत्तर ‘नाही’ आले तर नोकरी नाकारायची गरज नाही, पण मग जुन्या मालकाकडे भरपाईचा दावा उभा राहतो आणि तो सोडू नये. फिलिप्सच्या कोलकात्यातल्या कारखान्याच्या विक्रीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. कामगाराला त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या व्यवस्थापनाखाली काम करायला भाग पाडता येत नाही, असे न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले. म्हणजे संमती तुमची आहे आणि तिला किंमत आहे. तेव्हा ती देताना कोऱ्या कागदावर सही करू नये.

या सगळ्यात कामगाराचे सर्वाधिक नुकसान करणारा कागद म्हणजे राजीनामा. विक्रीच्या काळात तो अगदी सहज मागितला जातो. ‘इथे राजीनामा द्या, तिकडे उद्या जॉइन व्हा, नुसती औपचारिकता आहे,’ असे सांगणारा व्यवस्थापक बहुधा खोटेही बोलत नसतो. त्यालाही वरून तेवढेच सांगितलेले असते. पण राजीनामा दिला की कायद्याच्या नजरेत तुमची छाटणी झालेली नसते, दुकान बंद पडल्याने नोकरी गेलेली नसते, तुम्ही आपणहून सोडलेली असते. छाटणीची भरपाई गेली, पूर्वसूचनेचा पगार गेला. कर्मचारी राज्य विमा योजनेत दोन वर्षे वर्गणी भरलेल्या कामगाराची नोकरी छाटणीने किंवा टाळे लागल्याने गेली तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत २४ महिन्यांपर्यंत बेकारी भत्ता मिळू शकतो, पहिले १२ महिने वेतनाच्या निम्मा आणि नंतर पाव, शिवाय त्या काळात दवाखान्याची सोय. राजीनामा दिलेल्याला तेही दार बंद. राजीनाम्यावर सही मिळत नाही असे दिसले की काही कंपन्या दूरच्या शाखेत बदली करतात. ठाण्याच्या दुकानातल्या कॅशियरला नागपूरला पाठवले की तो स्वतःच जाईल, असा हिशेब असतो. नियुक्तिपत्रात बदलीची अट असते, म्हणून थेट नकार देणे धोक्याचे. पण बदलीचे कारण विचारणारे, अडचण मांडणारे आणि हजर व्हायला मुदत मागणारे पत्र देता येते, आणि ते दिल्याची पोच ठेवता येते. रागाच्या भरात व्हॉट्सॲपवर ‘मग मी सोडतो’ असे लिहू नये.

यावर पहिला आक्षेप असा येईल की किरकोळ विक्रीत माणसे एरवीही दीड-दोन वर्षांत नोकरी बदलतात, पगार तुटपुंजे असतात, तेव्हा एवढ्या कागदपत्रांतून हाती पडणार तरी किती? वर्षभरही न टिकलेल्यासाठी हा आक्षेप बराचसा खरा आहे. टिकलेल्यांसाठी तो खोटा आहे. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे महिना १८,००० रुपये वेतन आणि आठ वर्षे सेवा असलेल्या कामगाराचे गणित करा. दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या हिशेबाने छाटणीची भरपाई सुमारे ७२,०००, एक महिन्याची पूर्वसूचना न दिल्यास त्याचे १८,०००, आणि वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणण्याच्या सूत्राने आठ वर्षांची ग्रॅच्युइटी ८३,००० च्या थोडी वर. ही बेरीज पावणेदोन लाखांच्या घरात जाते, आणि त्यात उरलेल्या रजांचे पैसे धरलेले नाहीत. नव्या संहितेत छाटणी झालेल्या कामगाराला कौशल्यासाठीच्या निधीतून आणखी पंधरा दिवसांचे वेतन मिळण्याची तरतूद आहे, तेही वेगळे. मूळ पगार मुद्दाम कमी दाखवून बाकी रक्कम भत्त्यांत टाकण्याची जुनी युक्तीही आता थोडी आवळली गेली आहे, कारण एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम वेतनाबाहेर ठेवता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कामगारांनी आधीच हक्कांची भाषा सुरू केली तर खरेदीदार बिथरतो, सौदा मोडतो, आणि मग सगळेच रस्त्यावर येतात. हा धाक मालकांपेक्षा सहकाऱ्यांकडूनच जास्त घातला जातो. पुरावा मात्र उलट दिशेला आहे. फ्युचरचा सौदा मोडला तो एका गुंतवणूकदाराच्या खटल्यामुळे आणि बँकांच्या मतदानामुळे. ज्यांची नोकरी पणाला लागली होती त्यांचे त्या मतदानात एकही मत नव्हते. जर्मनीत कायझर्स टेंगेलमन ही साखळी एडेकाला विकली जाणार होती तेव्हा स्पर्धा नियामकाने तिला मनाई केली. २०१६ मध्ये अर्थमंत्री झिग्मार गाब्रिएल यांनी खास परवानगी दिली ती नोकऱ्या राखण्याच्या अटींवर. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, मध्यस्थी झाली, रेवे या प्रतिस्पर्ध्याला बर्लिनमधली काही दुकाने द्यावी लागली, पण नोकऱ्यांचा विषय सौद्याच्या मसुद्यातच राहिला. कारण तिथली संघटना सौदा पूर्ण होण्याआधी बोलली होती. भरपाई ही खरेदीदाराच्या वकिलांनी आधीच मोजलेली रक्कम असते. तिच्यामुळे सौदे मोडत नाहीत, फार तर किंमत थोडी खाली येते. उलट गप्प राहून विश्वास ठेवणाऱ्यांचे काय होते ते अमेरिकेत दिसले. २०१५ मध्ये अल्बर्टसन्स आणि सेफवे यांच्या विलीनीकरणाला मान्यता देताना नियामकाने काही दुकाने विकायला लावली, आणि जेमतेम १८ दुकाने चालवणाऱ्या हॅगन कंपनीने एकदम १४६ दुकाने घेतली. खरेदीदार सरकारमान्य होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तो दिवाळखोरीच्या न्यायालयात उभा होता.

जर्मनीतली संघटना आपल्याकडच्या मॉलमध्ये नाही, हेही मान्य करायला हवे. शिवाय कारखान्याला लागू असलेले सरकारी परवानगीचे बंधन दुकानांना नाही. ते कारखाने, खाणी आणि मळ्यांपुरते आहे. दुकान बंद करताना ६० दिवसांची सूचना लागते ती ५० किंवा अधिक कामगार असतील तिथे, त्यामुळे गल्लीतली छोटी शाखा त्यातून निसटते. म्हणूनच इथे प्रत्येकाला आपापले कागद सांभाळावे लागतात. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिची निवेदने मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात, आणि ‘समभाग’, ‘व्यवसाय’ की ‘भाडेकरार’ हे त्यांत लिहिलेले असते. नियुक्तिपत्र, पगाराच्या स्लिपा, हजेरीची नोंद आणि रजेची शिल्लक कंपनीच्या ॲपवर असते, आणि ते ॲप सौद्यानंतर एका रात्रीत बंद होऊ शकते. हे सगळे आताच डाउनलोड करून स्वतःच्या मेलवर ठेवा. पीएफच्या पासबुकात दरमहा रक्कम जमा होते आहे का ते बघा. पगारातून कापलेली वर्गणी जमाच झालेली नसेल तर कंपनीची तब्येत खालावल्याचे ते फार लवकर दिसणारे लक्षण असते, वर्तमानपत्रापेक्षाही लवकर. यूएएन तोच ठेवून खाते पुढे न्या, निवृत्तिवेतनाचा भाग काढून घेऊ नका. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि काढलेल्या वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून होते.

हे सगळे ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यासाठी. देखरेखीचे काम करणारा आणि महिना १८,००० हून अधिक वेतन घेणारा त्याबाहेर जातो. साखळ्यांमध्ये मात्र पदांची नावे फसवी असतात. टीम लीडर किंवा असिस्टंट मॅनेजर म्हणवला जाणारा माणूस दिवसभर रॅक भरत आणि बिले करत असेल तर न्यायालये पदाच्या नावाकडे न बघता कामाकडे बघतात. तेव्हा आपण कोणते काम करतो याचा लेखी पुरावा, ड्युटीचे तक्ते, जपून ठेवावा. कंत्राटदाराकडून आलेले सुरक्षारक्षक, हमाल, सफाईवाले आणि साबण-बिस्किटांच्या कंपन्यांनी उभे केलेले प्रमोटर यांची अवस्था सर्वांत नाजूक, कारण त्यांचा मालक विक्रीत कुठेच नसतो. त्यांनी दावा कंत्राटदाराकडे करायचा. मात्र कंत्राटदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, एवढे लक्षात असू द्यावे.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर नियम बदलतात. न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की कंपनीविरुद्धची वसुली थांबते, म्हणून कामगार न्यायालयात दावा टाकून वाट बघत बसण्यात अर्थ नसतो. जाहीर सूचनेनंतर रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे ही प्रक्रिया चालवायला नेमलेल्या व्यक्तीकडे, फॉर्म ‘डी’ भरून थकबाकीचा दावा नोंदवावा लागतो. त्याला शुल्क नाही आणि वकिलाचीही सक्ती नाही. हा फॉर्म न भरणारा माणूस यादीतच नसतो. पुढे अवसायन झाले तर कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची थकबाकी तारणधारक बँकांच्या बरोबरीने धरली जाते. कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची, आणि तीही त्यांच्यानंतर. पण बरोबरीचा हक्क म्हणजे बरोबरीचे पैसे नव्हेत. जिची बहुतेक दुकाने भाड्याच्या जागांत होती आणि त्या जागाही आधीच हातातून गेल्या होत्या, अशा कंपनीत वाटायला फारसे काही उरत नाही. भविष्य निर्वाह निधीचे मात्र वेगळे आहे: ती रक्कम वाटपाच्या मिळकतीत धरली जात नाही. जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांनी पीएफ आणि ग्रॅच्युइटीसाठी अपिलीय न्यायाधिकरणात दाद मागितली. ऑक्टोबर २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

नोकरी संपल्यावर हिशेब दोन कामकाजी दिवसांत चुकता करावा असे वेतन संहिता सांगते; ग्रॅच्युइटीला ३० दिवस मिळतात. ‘फुल अँड फायनल’च्या कागदावर ‘माझे कोणतेही येणे बाकी नाही’ अशी ओळ छापलेली असते. रक्कम कमी असेल तर सहीच्या शेजारी ‘हक्क राखून स्वीकारले’ असे हाताने लिहा आणि फोटो काढून ठेवा. त्यानंतर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तडजोडीसाठी अर्ज करता येतो, आणि ४५ दिवसांत मार्ग निघाला नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते. पूर्वी या अर्जाला नोकरी गेल्यापासून तीन वर्षांची मुदत होती, आता ती दोन वर्षांची आहे. नव्या दुकानात रुजू झालेल्यांच्या बाबतीतही ती जुन्या कंपनीने काढल्याच्या तारखेपासूनच मोजली जाते.